साथीच्या काळात परिचारिकांचा थकवा वेळीच कसा ओळखावा आणि कसा आवरावा

हा मजकूर प्रामुख्याने परिसेविकांसाठी, म्हणजे वॉर्डात जिला सगळे ‘इन्चार्ज सिस्टर’ म्हणतात तिच्यासाठी लिहिला आहे. परिचारिकेचा थकवा तिच्या चेहऱ्यावर दिसतो, पण तो साठत जातो ड्यूटीच्या तक्त्यात, आणि तो तक्ता लिहिणारी व्यक्ती वॉर्डात एकच असते. मी एका सरकारी रुग्णालयात परिसेविका होते आणि २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी कोविड वॉर्ड माझ्याकडे होता. पहिल्या लाटेत माझ्या हातून काय चुकले आणि दुसऱ्या लाटेत काय थोडेफार साधले ते इथे सांगत आहे. पुढची साथ येईल तेव्हा एखाद्या इन्चार्ज सिस्टरला ते पहिल्या आठवड्यातच हाताशी असावे, एवढीच इच्छा आहे.

जुलै २०२० मधली एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. ईव्हनिंगची पाळी संपवून एक सिस्टर पीपीई किट उतरवण्याच्या खोलीत स्टुलावर बसून होती. किट काढून पिवळ्या पिशवीत टाकले होते, हात धुऊन झाले होते. घामाने भिजलेल्या हातमोज्यांत सहा तास राहून तिच्या बोटांची कातडी धुणे धुतल्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली झाली होती, आणि नाकाच्या हाडावर मास्कच्या तारेचा लाल वळ उठला होता. मी म्हटले, “सिस्टर, झाले ना सगळे, आता घरी जा.” ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, “मॅडम, उठायचे कसे तेवढे सांगा.” मी तिला हात देऊन उठवले, पाणी दिले आणि घरी पाठवले. पण तक्त्यात दुसऱ्या दिवशी तिची मॉर्निंग होती आणि ती मी बदलली नाही. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिने एका रुग्णाच्या सिरिंज पंपाचा, म्हणजे ठरलेल्या वेगाने औषध सोडणाऱ्या यंत्राचा, वेग २.५ ऐवजी २५ लावला. शेजारच्या सिस्टरच्या ते लगेच लक्षात आले म्हणून अनर्थ टळला. नोंद मात्र तिच्या नावावर झाली. अकरा वर्षांच्या नोकरीतली ती तिची पहिली चूक होती, आणि खरे पाहता ती माझ्या तक्त्याची चूक होती.

थकवा नेमका कोणता, हे आधी ओळखा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी ती अवस्था आहे, असे म्हटले. तिची तीन लक्षणे सांगितली जातात: शक्ती पार संपल्याची भावना, कामापासून मन तुटणे किंवा कामाविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. वॉर्डात ही तीन लक्षणे कोणी या शब्दांत सांगत नाही. पहिले लक्षण ‘आता होत नाही’ या शब्दांत ऐकू येते. दुसऱ्यात रुग्णाचे नाव हरवते आणि ‘सात नंबर गेला, नऊ नंबर जाईल’ अशी भाषा येते. तिसऱ्यात, एरवी उत्तम काम करणारी सिस्टर ‘आपण काहीही केले तरी ते जाणारच आहेत’ असे म्हणून गप्प होते.

साध्या दमण्यापासून हे वेगळे कसे काढावे, याचा सोपा मार्ग असा आहे की सलग दोन दिवस सुट्टी मिळाल्यावर ती सिस्टर ताजीतवानी होऊन आली तर ते दमणे होते, आणि सुट्टीच्या दुसऱ्या संध्याकाळपासूनच ड्यूटीच्या विचाराने पोटात गोळा येत असेल तर ते दमण्याच्या पुढचे आहे. पण त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी, कारण आपल्याकडे तीच सर्रास राहून जाते. थकवा म्हटला की आपण थेट मनाकडे वळतो आणि हिमोग्लोबिन बघायचे राहते. दिवसभर दुसऱ्यांचे रक्त काढणाऱ्या किती जणींनी वर्षभरात स्वतःचे तपासलेले असते? स्त्रियांमध्ये १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन असणे म्हणजे रक्तक्षय. दुसऱ्या लाटेच्या तोंडावर मी वॉर्डातील सगळ्यांचे हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेतले, तेव्हा ज्यांना आम्ही ‘हल्ली फार चिडतात’ म्हणत होतो त्यांतल्या दोघींना लोहाच्या गोळ्यांची गरज होती. कोविड होऊन गेल्यानंतर काही महिने टिकणारा अशक्तपणाही असतो आणि तो आळस नव्हे.

खचणाऱ्या व्यक्तीकडे कुठे बघावे, हे अनुभवाने कळते. माझ्या मते सर्वांत आधी तिचा ‘ओव्हर’ ऐकावा. ड्यूटी बदलताना पूर्वी जी सिस्टर रुग्णाची नाडी, लघवीचे प्रमाण, रात्री तो कशाने घाबरला, इथपर्यंत सांगत असे ती दोन वाक्यांत ओव्हर उरकू लागली की तिच्याकडे लक्ष द्यावे. चार्टवर दर तासाला ऑक्सिजनचे प्रमाण सलग ९४, ९४, ९४ असे एकाच शाईने, एकाच तिरकेपणाने भरलेले दिसले तर रागावण्याआधी तिने सलग किती रात्री केल्या ते मोजावे. मॉनिटरचा अलार्म बघितल्याशिवाय बंद करणे, मामा-मावशींवर, म्हणजे वॉर्डातील मदतनिसांवर, अकारण आवाज चढवणे, कधीही उशीर न करणारीने रोज दहा मिनिटे उशिरा येणे, याही खुणाच आहेत. आणि जी कधीच ऑफ मागत नाही, कोणाचीही बदली ड्यूटी घेते आणि ‘मला काही होत नाही’ म्हणते, तिच्यावर सर्वांत जास्त लक्ष ठेवावे, कारण अशा व्यक्ती दुखणे अंगावर काढतात आणि मोडतात तेव्हा एकदम मोडतात.

तक्ता कसा लिहावा

तक्ता पेन्सिलीने लिहावा आणि रकान्यांऐवजी माणसांकडून लिहायला घ्यावा. आपली सवय अशी असते की मॉर्निंग, ईव्हनिंग आणि नाइट असे तीन रकाने आखायचे आणि प्रत्येकात नावे भरत जायचे. रकाने भरले की तक्ता झाला. त्याऐवजी प्रत्येकीच्या नावाची आडवी ओळ काढून तिच्या चार आठवड्यांत किती रात्री, किती सुट्ट्या आणि किती सलग दिवस आले ते ओळीच्या शेवटी आकड्यात लिहावे. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा एकीच्या ओळीत चौदा रात्री आणि दुसरीच्या ओळीत पाच रात्री निघाल्या. मी कोणावर अन्याय करायचा ठरवले नव्हते. चौदा रात्री करणारी कुरकुर करत नव्हती, एवढेच कारण होते.

ईव्हनिंगनंतर लगेच दुसऱ्या सकाळी मॉर्निंग लावू नये. रात्री आठ वाजता ड्यूटी संपली, किट उतरवून अंघोळ करून निघायला नऊ झाले, लोकलने किंवा एसटीने घर गाठायला साडेदहा झाले, आणि सकाळी आठला पुन्हा हजर व्हायचे तर झोप पाच तासांचीही होत नाही. ड्यूट्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे जाणारा ठेवावा. शरीराला उशिरा झोपणे जमते तितके अचानक लवकर झोपणे जमत नाही. सलग तीनपेक्षा जास्त रात्री शक्यतो टाळाव्यात. सतरा तास सलग जागे राहिलेल्या माणसाची कामातील अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे, आणि नाइटला येणारी सिस्टर घरचे सगळे आवरून येते तेव्हा मध्यरात्रीपर्यंत तिचे सतरा तास भरलेलेही असतात. म्हणून रात्री दोन ते चारच्या दरम्यान प्रत्येकीला आळीपाळीने वीस ते तीस मिनिटे आडवे होण्याची अधिकृत मुभा द्यावी, तिच्या खाटा कोण बघणार ते नावाने ठरवावे आणि हे वहीत लिहून ठेवावे, म्हणजे कोणी चोरून खुर्चीत डुलकी घेणार नाही.

नाइट ऑफ आणि आठवड्याची सुट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला प्रत्येक वरिष्ठाला नव्याने सांगावे लागले. सकाळी आठला रात्रपाळी संपवून घरी गेलेली बाई त्या दिवशी झोपते. तो दिवस तिचा नसतो. तो सुट्टीत धरला तर कागदावर महिन्यात चार सुट्ट्या दिसतात आणि प्रत्यक्षात तिला एकही सकाळ मोकळी मिळत नाही.

माणसे पूर्ण हजर राहतील असे धरून तक्ता लिहू नये. वॉर्डात दहा जणी असतील तर सात जणींवर तो चालतो का ते आधीच करून बघावे, कारण साथीत कोणी बाधित होते, कोणाच्या घरात कोणी बाधित होते आणि कोणी विलगीकरणात जाते. २०२० च्या सुरुवातीच्या महिन्यांत अनेक ठिकाणी सात दिवस ड्यूटी आणि मग विलगीकरण अशी पद्धत होती. मे महिन्यात केंद्राच्या सूचनेने ते सरसकट विलगीकरण थांबले आणि बऱ्याच जणींना वाटले की विश्रांतीच काढून घेतली. सक्तीच्या विलगीकरणाचा हेतू वेगळा होता हे खरे, पण शरीराला ते दिवस लागत होते हेही खरे. अशा वेळी आदेशाविषयी नुसती नाराजी व्यक्त करण्यापेक्षा तेवढी विश्रांती तक्त्यातून कशी देता येईल ते बघणे आपल्या हातात असते.

अतिदक्षता विभागात कोणालाही सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये. त्यानंतरचे दोन आठवडे ताप तपासणी बाह्यरुग्ण विभागात, साध्या वॉर्डात किंवा लसीकरणाला द्यावेत. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा अतिदक्षता विभागातून थकून आलेल्या सिस्टरांना मी आळीपाळीने तिकडे पाठवण्याची परवानगी मागितली. जिवंत, चालती-बोलती, ‘सिस्टर, दुखेल का हो?’ असे विचारणारी माणसे दिवसभर समोर आल्याने त्यांच्यात जो फरक पडला तो इतर कशाने पडला नसता.

नवीन आलेल्यांना एकटे सोडू नये. जम्बो कोविड केंद्रांत तीन-तीन महिन्यांच्या कंत्राटावर नुकत्याच शिक्षण संपवलेल्या मुली आल्या, आणि जून २०२० मध्ये तर केरळमधून डॉक्टर व परिचारिकांचे पथक मुंबईच्या मदतीला आले. बाहेरून आलेल्या माणसाला औषधांचे कपाट कुठे आहे इथपासून सांगावे लागते. पहिले पाच दिवस तिची जोडी एका जुन्या सिस्टरशी लावावी, आणि त्या जुन्या सिस्टरच्या खाटा त्या पाच दिवसांपुरत्या कमी कराव्यात. नाही तर शिकवणे हे तिच्या डोक्यावरचे आणखी एक ओझे होते.

एवढे करूनही माणसे पुरणार नाहीत. व्हेंटिलेटरवरील एका रुग्णामागे एक परिचारिका हे प्रमाण कागदावर मान्य आहे, पण एप्रिल २०२१ मध्ये ते पाळणे कोणाच्याच हातात नव्हते. अशा वेळी ‘सांभाळून घ्या’ असे म्हणून वेळ मारून नेऊ नये. आज किती रुग्ण, त्यांतले किती व्हेंटिलेटरवर किंवा बायपॅपवर (मास्कमधून दाबाने श्वास देणाऱ्या यंत्रावर), हजर परिचारिका किती, असे तीन आकडे रोज सकाळी मेट्रन मॅडमना, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांना, लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी. त्याच पत्रात आज कोणते काम होणार नाही तेही लिहावे. पोर्टलवर माहिती भरणे, इंडेंट म्हणजे मागणीपत्रावरचे सामान आणणे, चादरी मोजून देणे, नातेवाइकांचे फोन घेणे, ही कामे परिचारिकेने केलीच पाहिजेत अशी नाहीत. दोन लिपिक आणि एक समाजसेवा अधीक्षक मिळाले तर प्रत्येक पाळीत दोन सिस्टरांचे हात मोकळे होतात. आम्हाला तिसऱ्या पत्रानंतर एक लिपिक मिळाला.

किटमधले तास

यावर फार लिहिण्याची गरज नाही, पण जे आहे ते ठाम आहे. किट घालण्यापूर्वी पाणी पिणे टाळू नये. लघवीला जाता येणार नाही या भीतीने सहा-सहा तास कोरडे राहिलेल्या कितीतरी जणींना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. पाळीच्या दिवसांत चार तासांनी बाहेर येण्याची सोय तक्त्यातच असावी, म्हणजे ती कोणाला मागावी लागणार नाही. उतरवण्याच्या खोलीबाहेर ओआरएसचे पाणी, केळी आणि बसायला खुर्च्या असाव्यात. किटच्या पाठीवर मार्करने नाव लिहिण्याची पद्धत सगळीकडे होती. आम्ही ते छातीवरही मोठ्या अक्षरांत लिहू लागलो, कारण रुग्णाला डोळ्यांशिवाय काही दिसत नव्हते आणि त्याने नावाने हाक मारली की आत असलेल्या बाईलाही आपण माणूस असल्याचे आठवते.

मृत्यूनंतरची दहा मिनिटे

कामाच्या ओझ्यापेक्षाही परिचारिकांना आतून पोखरले ते निरोपाविना झालेल्या मृत्यूंनी. नातेवाइकांना आत येता येत नव्हते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल रुग्णाच्या तोंडासमोर धरून सिस्टर उभी राहायची, पलीकडून बायको विचारायची, “अहो, चहा घेतला का?” आणि रुग्णाला मास्कमुळे उत्तर देता यायचे नाही. म्हणून सिस्टर सांगायची, “घेतला, काकू, अर्धा कप घेतला.” दोन तासांनी तोच देह तिलाच गळती न होणाऱ्या पिशवीत बंद करावा लागायचा. दिवसातून तीनदा हे करणाऱ्या बाईला चौथ्या वेळी काहीच वाटेनासे होते. वॉर्डात त्याला ‘मन मेले’ म्हणतात. ते मन मुळीच मेलेले नसते. सहन करण्यासाठी त्याने स्वतःला झाकून घेतलेले असते.

इथे इन्चार्जने करण्यासारख्या गोष्टी छोट्या आहेत, पण त्यांत खंड पडू देऊ नये. एका पाळीत एकाच सिस्टरला दोनदा देह बांधायला लावू नये. ज्या सिस्टरने शेवटचा फोन धरला तिलाच पुढचे काम देऊ नये. प्रत्येक मृत्यूनंतर तिला दहा मिनिटे बाहेर पाठवावे, हात-तोंड धुऊ द्यावे, आणि पाळी संपताना सगळ्यांनी मिळून पाच मिनिटे उभ्या-उभ्या बोलावे: आज काय जड गेले आणि उद्या काय वेगळे करू. कोणी बोलले नाही तर आग्रह करू नये. घडलेला प्रसंग सविस्तर सांगायला लावल्याने मन मोकळे होते असा समज आहे, पण लगेचच्या दिवसांत जबरदस्तीने बोलते केल्याने काहींचा त्रास वाढतो. बाजूला बसून राहणेही पुरते.

दुसरी जखम असते ती आपल्याला न पटणाऱ्या गोष्टी कराव्या लागल्याची. खाट कोणाला मिळणार हे परिचारिका ठरवत नाही, पण खाट नाही हे नातेवाइकाच्या डोळ्यांत बघून तिलाच सांगावे लागते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन रुग्ण दगावले, त्या रात्री आमच्या वॉर्डातील प्रत्येक जण थोड्या-थोड्या वेळाने उठून प्रेशर गेज बघून येत होती. कोणालाही दुसरे काही सुचत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी वहीत तासनिहाय नावे घातली: दहा ते अकरा अमुक, अकरा ते बारा तमुक. जिचा तास असेल तिने आकडा बघून लिहायचा आणि मोठ्याने सांगायचा, बाकीच्यांनी आपल्या रुग्णांकडे बघायचे. भीती तेवढीच होती, पण ती सगळ्यांच्या डोक्यात चोवीस तास राहिली नाही. ज्या धोक्याची जबाबदारी सगळ्यांची असते ती अशी एकेका तासापुरती एकेकीकडे वाटून द्यावी, म्हणजे बाकीच्यांना श्वास घेता येतो.

राग, शिवीगाळ आणि कौतुक

नातेवाइकांचा राग परिचारिकेवर निघतो, कारण दारात ती उभी असते. आकस्मिक वाईट बातमी परिचारिकेने एकटीने देऊ नये, सोबत डॉक्टर असावेत, हा नियम वॉर्डाच्या दारावर लावावा. कोणी हात उचलला तर ‘त्यांचे दुःख आहे, जाऊ द्या’ असे तिला सांगू नये. माफ करायचे की नाही हा तिचा प्रश्न आहे. तक्रार नोंदवणे हे इन्चार्जचे काम आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसेविरुद्ध २०१० पासून कायदा आहे, आणि २०२० मध्ये साथरोग कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार साथीच्या काळातील अशा हल्ल्याला तीन महिने ते पाच वर्षे, आणि गंभीर दुखापत असल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

कौतुकाविषयी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता लोकांनी टाळ्या वाजवल्या, ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुले उधळली, तेव्हा आमच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते खरे होते. पण ‘योद्धा’ आणि ‘देवदूत’ हे शब्द रोज ऐकू आले की ‘मला आज बसायचे आहे’ असे म्हणणे अवघड होते. योद्ध्याने माघार घ्यायची नसते आणि देवदूताला भूक लागत नाही. सावित्रीबाई फुले प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी गेल्या, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. तरीही त्यांचे उदाहरण सुट्टी मागणाऱ्या मुलीसमोर ठेवू नये. आपण वॉर्डात हे शब्द वापरू नयेत. ‘सिस्टर’ पुरेसे आहे.

घर

परिचारिकेची दुसरी पाळी घरी असते आणि ती तक्त्यात दिसत नाही. म्हणून साथीच्या सुरुवातीलाच प्रत्येकीशी वेगळे बसून चार गोष्टी विचाराव्यात: घरात म्हातारे किंवा आजारी कोण आहे, लहान मूल किती वर्षांचे आहे, स्वयंपाक कोण करते, आणि येण्या-जाण्याची सोय काय. उत्तरे वहीच्या शेवटच्या पानावर ठेवावीत आणि ड्यूटी लावताना ते पान उघडे असावे. आमच्याकडे एका सिस्टरची चार वर्षांची मुलगी दाराच्या जाळीआडून ‘आई, आज अंघोळ केल्यावर घेशील ना?’ असे विचारायची. तिला सलग ईव्हनिंग लावल्या की मूल झोपल्यावरच ती घरी पोहोचायची. दोन आठवडे मॉर्निंग दिल्यावर त्या सिस्टरचे रडणे थांबले. घरमालक किंवा सोसायटी त्रास देत असेल तर ते तिच्यावर सोडू नये. रुग्णालयाच्या पत्रावर, अधीक्षकांच्या सहीने सोसायटीला लिहावे आणि प्रत पोलीस ठाण्यात द्यावी.

सिस्टरने स्वतः घरच्यांना काय सांगावे, हेही बोलून ठरवायला मदत करावी. ‘मी थकले आहे’ याचा अर्थ घरात कोणाला नीट कळत नाही. ‘नाइटनंतर दुपारी दोनपर्यंत मला उठवायचे नाही आणि त्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे नाही’ हे सासूबाईंनाही कळते आणि नवऱ्यालाही. काही घरांत हे एका वाक्यात जमते, काही घरांत महिना लागतो.

कंत्राटी भगिनींसाठी

ज्यांची नोकरी तीन महिन्यांची आहे त्यांना सुट्टी मागण्याची भीती वाटते, आणि त्यांचा थकवा कोणत्याच नोंदीत येत नाही. त्यांना कायम कर्मचाऱ्यांइतकेच ऑफ मिळतील हे इन्चार्जने पाहावे. नेमणुकीचा आदेश, हजेरीचा उतारा आणि कोविड ड्यूटीचे प्रमाणपत्र यांच्या प्रती त्यांनी दर महिन्याला स्वतःजवळ ठेवाव्यात. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने शंभर दिवस कोविड ड्यूटी करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य जाहीर केले, तेव्हा कोविड केंद्र बंद झालेले आणि कागद हाती नसलेले अशा अनेक जणींची धावपळ झाली. उद्याची चिंता हाही थकव्याचा मोठा भाग असतो आणि कागद जवळ असला की तो थोडा हलका होतो.

मदत केव्हा आणि कुठे

सलग दोन आठवडे मन उदास असेल, किंवा ज्यात पूर्वी आनंद वाटे त्यात काहीच वाटत नसेल, आणि सुट्टीतही हे चालूच राहत असेल, तर तो कामाचा थकवा एवढ्यावर सोडू नये. ते नैराश्य असू शकते आणि त्याला उपचार आहेत. झोपेसाठी वॉर्डाच्या साठ्यातील गोळी कधीही घेऊ नये. परिचारिकांना औषधे हाताशी असतात आणि मात्रा माहीत असते, म्हणून हा धोका त्यांना इतरांहून अधिक आहे. कोणी ‘सुटले असते तर बरे’, ‘झोपले ते उठलेच नसते तर’ असे बोलली तर ते थकून बोलली असे धरू नये. तिला सरळ विचारावे, “जीव द्यावा असे मनात येते का?” असे विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट ती बोलू शकते. त्या दिवशी तिला एकटी घरी पाठवू नये, औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे ठेवू नये, आणि मानसोपचार विभागात स्वतः सोबत जावे. आपल्याच रुग्णालयात दाखवायला संकोच वाटत असेल तर दुसरीकडे न्यावे. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि मराठीतही उपलब्ध आहे. उपचारांची माहिती गुप्त राहणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. इन्चार्जने ती रजेच्या अर्जावरही लिहायला लावू नये.

लाट ओसरल्यावर

माझी सर्वांत मोठी चूक इथे झाली. २०२० च्या नोव्हेंबरपासून रुग्ण कमी झाले आणि आम्ही सगळ्या राहिलेल्या कामांच्या मागे लागलो: रखडलेल्या शस्त्रक्रिया, साठा तपासणी, रजिस्टरे. साठलेल्या रजा मी ‘पुढे बघू’ म्हणून ठेवल्या. फेब्रुवारीत अमरावतीकडून दुसरी लाट सुरू झाल्याच्या बातम्या आल्या तेव्हा माझ्या अर्ध्या सिस्टरांनी वर्षभरात सलग चार दिवसही घर पाहिले नव्हते, आणि एप्रिलमध्ये त्याच मोडल्या. म्हणून रुग्णसंख्या निम्म्यावर आली की त्याच आठवड्यात रजेची यादी करावी. सर्वांत जास्त रात्री केलेल्यांपासून सुरुवात करून प्रत्येकीला सलग किमान सात दिवस द्यावेत, आणि तोपर्यंत साठा तपासणी थांबवावी. थकवा अनेकदा धावपळ चालू असताना जाणवत नाही. शांतता आली की मग झोप उडते, प्रसंग डोळ्यांपुढे येतात, राग येतो. त्या महिन्यांत प्रत्येकीशी पुन्हा एकदा वेगळे बसून बोलावे.

या सगळ्यात इन्चार्ज सिस्टर स्वतःला मोजत नाही. दुसऱ्या लाटेत मी तेवीस दिवस सलग गेले आणि चोविसाव्या दिवशी एका मावशींवर, ज्यांनी काहीही केले नव्हते, इतक्या जोरात ओरडले की त्या दिवसभर माझ्यासमोर आल्या नाहीत. तक्ता पूर्ण झाल्यावर शेवटच्या ओळीत आपले नाव आहे का, त्यापुढे आठवड्याची सुट्टी लिहिली आहे का आणि त्या दिवशी वॉर्डाच्या किल्ल्या कोणाकडे राहणार हे ठरले आहे का, एवढे बघावे आणि मगच तो नोटीस बोर्डावर लावावा.